सातेरीला सांगितलेली रोस्कोफची वाट

बाबांच्या बसमध्ये माझी जागा ठरलेली होती. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या झाकणाला लागून, एकच माणूस बसेल अशी सीट असते, ती माझी. पहिल्यांदा मला तिथे बसवलं तेव्हा माझे पाय खाली टेकत नव्हते, आणि शेवटच्या वेळी उतरले तेव्हा माझ्या पर्समध्ये पासपोर्ट होता. मधली सगळी वर्षं हळर्णहून धारगळमार्गे म्हापसा आणि म्हापशाहून परत हळर्ण, आधी शाळेसाठी, मग पणजीच्या कॉलेजसाठी, मी त्याच सीटवरून गेले आणि आले. इंजिन तापलं की झाकण तापायचं आणि माझ्या उजव्या पायाची पोटरी भाजायची. बाबांच्या डोक्यावर एक लांब आरसा होता. त्यात त्यांना मागची सगळी बस दिसायची, आणि मागच्या सगळ्या बसला त्यात मी दिसायचे. मी केस बांधले, मी पुस्तक उघडलं, मी डोळे मिटले, की मागून कोणीतरी सांगायचं, बाय आज दमली वाटतं. वर्गातल्या मुली बस चुकली म्हणून उशिरा यायच्या, बस लवकर सुटली म्हणून खोटं बोलून बाजारात फिरायच्या. माझी बस चुकणं शक्यच नव्हतं. माझी बस आमच्या अंगणात झोपायची.

सकाळ तिच्याच आवाजाने सुरू व्हायची. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजायच्या आधी बाबा इंजिन चालू करून ठेवत, आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या त्या घरघरीने हलत. आई चुलीजवळ नाही, गॅसजवळच असायची, पण बसायला तिला जुना आडवा पाटच लागायचा. रात्रीचं तोणाक, कडधान्याचा रस्सा, गरम होत असायचं, उंडे पाव यायची वाट बघत. पोदेर आला की बाबा उभ्याउभ्या उंडो तोणाकात बुडवून खायचे, हात पुसायचे, आणि डॅशबोर्डवरच्या गावदेवी सातेरीच्या फोटोला अबोलीच्या फुलांचा वळेसर घालायचे. दत्तूकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ आणि आमचे कंडक्टर, मागच्या दाराने चढून दोनदा घंटी मारायचे. मग आई अंगणात उभी राहून आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघायची. तिचं माहेर नार्व्याचं, नदीकाठचं. फेरीबोटीतून माणसं पलीकडे जाताना बघत ती वाढली होती, त्यामुळे कोणी जायला निघालं की शेवटपर्यंत बघायचं ही तिची सवय. मला ती सवय पाठीवर जाणवायची.

पेडण्याचा नकाशा शाळेत काढायला लावला होता तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमचा तालुका पाण्याने बांधलेला आहे. पश्चिमेला समुद्र, वर तेरेखोलची नदी, खाली शापोरा. कोलवाळचा पूल ओलांडला की आपण दुसऱ्या तालुक्यात, आणि पूल ओलांडताना दत्तूकाका नेहमी एकदा मागे वळून बघायचे, कोणी राहिलं का म्हणून. मी तो नकाशा काढला, समुद्र निळा रंगवला, आणि बाईंनी छान म्हटलं. मी मान खाली घातली. शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि मी इंग्रजीत विचारलं तरच उत्तर द्यायचे, न विचारता कोणत्याच भाषेत नाही. घरी आमची बोली, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, शाळेत इंग्रजी. आठवीत तिसऱ्या भाषेची निवड आली तेव्हा आईने विचारपूस केली आणि सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, फ्रेंच घ्या, फ्रेंचमध्ये मार्क पडतात. गोव्यातली अर्धी मुलं अशीच फ्रेंच घेतात. मार्क पडतात, दहावी होते, आणि भाषा तिथेच राहते. माझी राहिली नाही, एवढंच. आमच्या बसमध्ये, आमच्या वाड्यावर, कोलवाळच्या अलीकडे किंवा पलीकडे मला माहीत असलेल्या एकाही माणसाला ती कळत नव्हती. मला ती आवडायला तेवढं कारण पुरलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी फ्रेंचच्या मॅडमनी प्रत्येकीला फ्रान्सचा एक प्रदेश दिला. तोंडी परीक्षेत उभं राहून त्या प्रदेशाची ओळख करून द्यायची: जमीन, पाणी, गावं, आणि तिथे कसं जायचं, आत कसं फिरायचं. मला ब्रिटनी मिळाला. मॅडम म्हणाल्या, ‘समुद्राची मुलगी, तुला सोपं जाईल.’ मी समुद्राची नाही, नदीची आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी येऊन नकाशा उघडला तर तो प्रदेश मला लगेच ओळखीचा वाटला. फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेला जमिनीचा मोठा तुकडा, तीन बाजूंनी पाणी. त्याच्या टोकाच्या जिल्ह्याचं नावच जमीन संपते असं. किनारा सगळा फाटलेला. नद्यांची मुखं भरतीच्या पाण्याने आतपर्यंत गेलेली, त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावात जायचं तर वळसा घालून पूल शोधावा लागतो. रेल्वे दोन हातांसारखी, एक उत्तर किनाऱ्याने, एक दक्षिण किनाऱ्याने, आणि मधोमध जायला धड काही नाही. मोठे रस्तेही तसेच, पण त्यांच्यावर टोल नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की शहाणी माणसं दिसतात.

मी सगळा पाठ त्या सीटवर बसून केला. इंजिनाचा आवाज इतका असतो की पुटपुटलेलं कोणाला ऐकू जात नाही; बसमधली तेवढी एक गोष्ट माझी होती. धारगळच्या तिठ्यावर भाज्यांच्या टोपल्या चढत असायच्या, हमरस्त्याच्या रुंदीकरणाची धूळ आत यायची, आणि मी पॅरिसहून निघालेली वेगवान गाडी रेनला पोचवत असायचे. रेनला त्या गाडीचे दोन भाग होतात. एक भाग उत्तरेने मोर्लेवरून ब्रेस्तला जातो, दुसरा दक्षिणेने केंपेरला. चुकीच्या डब्यात बसलात तर चुकीच्या समुद्राला पोचाल, असं एक वाक्य मी स्वतः तयार केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. मोर्ले गावावरून रेल्वेचा दगडी पूल जातो, इतका उंच की खालची घरं त्याच्या कमानींत मावतात. तिथून रोस्कोफ बंदरापर्यंत पूर्वी छोटी रेल्वे होती. एका मोठ्या पावसात तिचा मार्ग खचला, तेव्हापासून बस जाते. रोस्कोफहून इंग्लंड-आयर्लंडला जहाजं सुटतात, आणि समोरच्या बा नावाच्या बेटावर छोटी बोट जाते. ओहोटीला पाणी इतकं दूर जातं की बोट धक्क्याला लागतच नाही. माणसं एका लांब पुलावरून चालत चालत पाण्यापर्यंत जातात आणि तिथे चढतात. मी ते कधीच पाहिलेलं नव्हतं, पण कोलवाळचा पूल ओलांडताना मी त्या पुलावरून चालत असायचे. दत्तूकाका मागे वळून बघायचे तेव्हा मला उगाच पकडल्यासारखं व्हायचं.

परीक्षा चांगली झाली. मॅडमनी मला एका योजनेसाठी अर्ज करायला लावला. तिकडच्या शाळांमधून मुलांशी इंग्रजी बोलायला बाहेरच्या देशांतले तरुण घेतात, एका शालेय वर्षापुरते. मी, जी कोणाशीच बोलत नाही, ती मुलांना बोलायला शिकवणार, याचं मलाच हसू आलं होतं. निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी बसमध्येच होते. गाव वाचलं: रोस्कोफ. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि आरशात पाहिलं. बाबा रस्त्याकडे बघत होते.

बाबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी ‘पळोवया’ म्हटलं, बघू या, आणि हे नाहीपेक्षा वाईट होतं. नाही म्हटलं असतं तर मला रडता आलं असतं. महिनाभरात होकार कळवायचा होता आणि घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. आई जेवण वाढताना मधेच विचारायची की तिकडे पेज मिळते का, मग वाढत राहायची. दोडामार्गहून एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, त्यावरही बाबांनी पळोवया म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी आमच्या जेवणाच्या मेजावर मिठाच्या बरणीसारख्या पडून राहिल्या. त्या दिवसांत मला बसमध्ये बसवेनासं झालं. तोच तिठा, तोच पूल, आरशात तीच तोंडं, आणि पोटरीला तोच चटका. म्हापशाला उतरून मी स्टँडवरच्या दुसऱ्या बसगाड्यांकडे बघायचे, ज्यांचे ड्रायव्हर मला ओळखत नव्हते. एकदा पेडण्याच्या दुसऱ्या बसमध्ये चढलेसुद्धा. त्यातल्या कंडक्टरने विचारलं, ‘गो, बाबाची बस बंद पडली काय?’ मी उतरले.

शेवटी बाबांनी जे करायचं तेच केलं. आमच्याकडे मोठी गोष्ट देवीला विचारल्याशिवाय ठरत नाही. विहीर कुठे खणायची, लग्न कुठे जमवायचं, बस कुठल्या रूटवर घालायची, सगळं सातेरीला विचारलेलं. त्याला प्रसाद लावणं म्हणतात. गुरव देवीच्या अंगावर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि आपला प्रश्न गाऱ्हाण्यात घालून तिच्यापुढे मांडतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. कधी चटकन पडते, कधी बसून राहावं लागतं. मी शाळेत विज्ञान शिकले होते, पाणी वाळलं की पाकळी सुटते हे मला कळत होतं. तरी त्या सोमवारी आईच्या मागे देवळाची पायरी चढताना मी आधी कोणती बाजू जास्त ओली आहे हे बघायचं टाळलं.

बाबांनी दुपारच्या फेरीआधीची वेळ निवडली होती. बस देवळासमोरच्या वडाखाली लावली. फेरीचे उतारू आधीच येऊन बसलेले. काय आहे हे कळल्यावर तेही एकेक करून आत आले आणि सभामंडपात मांडी घालून बसले. मासळीची रिकामी पाटी घेऊन म्हापशाला जाणारी शेवंतीमावशी तर सगळ्यात पुढे. म्हणजे इथेही तीच बस, तेच लोक, फक्त आरसा नव्हता. मी खांबाच्या आड उभी राहिले.

गुरवांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याला ठरलेली चाल असते. गुरव एकेक गोष्ट देवीला सांगतात आणि बसलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तुझ्या ह्या लेकराची मुलगी, शिकलेली, परदेशी जाऊ बघते. व्हय म्हाराजा. तिला तुझ्या शिवेवरून पुढच्या शिवेच्या राखणदाराच्या हाती दे. व्हय म्हाराजा. त्याने तिला पुढच्याच्या हाती द्यावं. व्हय म्हाराजा. इथे गुरव थांबले. गावाबाहेर जाणाऱ्याला असंच शिवेशिवेवरून, हातातून हातात पोचवायचं असतं, त्यामुळे वाटेतली ठिकाणं सांगावी लागतात. मुंबईला जाणाऱ्यांची वाट गुरवांना पाठ होती, दुबईचीही होती. ते वळले आणि मला शोधलं.

‘बाय, हांगा यो. ही वाट म्हाका खबर ना. देवीक तूंच सांग.’

मी बाबांकडे बघितलं. ते खाली बघत होते. आईने मला खांबाआडून हलकेच पुढे ढकललं. ब्रिटनीबद्दल मी आजवर फक्त फ्रेंचमध्ये बोलले होते. तो पाठ मी मनात पहिल्या वाक्यापासून सुरू करून बघितला आणि त्यातला एकही शब्द तिथे चालणारा नव्हता. मग मी जमिनीकडे बघत, जसं सुचेल तसं, अर्धं मराठीत, अर्धं घरच्या बोलीत सांगायला लागले. मोपाच्या सड्यावरून विमान. व्हय म्हाराजा. मग पॅरिस, मोठं शहर. व्हय म्हाराजा. तिथून गाडी, फार वेगाने जाणारी, रेन गावापर्यंत. रेनला गाडीचे दोन तुकडे होतात, एक वरच्या समुद्राला जातो, एक खालच्या. ‘हें वरचें,’ मी म्हटलं, आणि हात उजवीकडे केला, का कोण जाणे. व्हय म्हाराजा. मग मोर्ले, तिथे उंच पूल, खाली घरं. तिथून पुढे रेल्वे होती, ती पावसात खचली.

‘मागीर?’ हा आवाज बाबांचा होता. मग पुढे काय?

‘मागीर बस,’ मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली. ‘सरकारी काय खाजगी?’

गुरवांनी त्यांच्याकडे असं बघितलं की हा प्रश्न देवीचा नाही. पण मी सांगितलं की बस सरकारची, चालवायला दिलेली कंपनीला. शेवटची बस कितल्यांक, किती वाजता, बाबांनी विचारलं. मला ते माहीत होतं. संध्याकाळी लवकर सुटते, आणि रविवारी जवळपास नाहीच. बाबांनी मान हलवली, जणू हेच त्यांना आधीपासून वाटत होतं. मागून शेवंतीमावशी पुटपुटली की आमच्यासारखंच आहे मग, आणि दोघंतिघं हसले. मला कसलं तरी बळ आलं. मी बंदर सांगितलं, तीन बाजूंचं पाणी सांगितलं, जहाजं सांगितली, ओहोटीला पाणी लांब जातं तो पूल सांगितला, त्याच्या टोकाला लागलेली बोट सांगितली. पुलाच्या टोकाला समुद्र. तिथे जमीन संपते. तिथे मी थांबले. एवढं सलग मी त्या माणसांसमोर आयुष्यात बोलले नव्हते. व्हय म्हाराजा, सगळ्यांनी म्हटलं, आणि गुरवांनी गाऱ्हाणं मिटवलं.

डावीकडची पाकळी पडली.

ती अगदी साधी पडली, पायाशी, लाल. गुरव म्हणाले, ‘ना म्हणटा,’ आणि तबकाकडे हात नेला. आईने पदर तोंडाशी धरला. तिला आनंद झाला की वाईट वाटलं, हे मला त्या वेळी कळलं नाही, आणि मला वाटतं तिलाही नसावं. माझ्या मनात फक्त सीट आली. उद्याची सकाळ, झाकणाचा चटका, मागून कोणीतरी म्हणेल, बाय आज गप्प गप्प. दोडामार्गचा मुलगा चांगला होता. मी परत खांबाआड गेले.

दत्तूकाका दारातून डोकावले. ‘दादा, टायम जालो.’

‘रावूं दी,’ बाबा म्हणाले.

बाबांनी फेरीला कधी उशीर केलेला मला आठवत नाही. आजी वारल्या त्या दिवशीसुद्धा बदली ड्रायव्हर वेळेवर गेला होता. दत्तूकाका दारातच उभे राहिले. बाबा देवीकडे नाही, फरशीकडे बघत होते, मान जरा तिरकी करून, बस चालवताना इंजिनात काही वाजलं की ऐकतात तशी. मग ते गुरवांना म्हणाले, ‘तिणें वचपाची वाट सांगली. परत येवपाची खंय सांगली?’

गुरव थबकले. बाबा पुढे, शांतपणे, जसं आरटीओच्या माणसाला समजावतात तसं म्हणाले की जायची फेरी तेवढी सांगून कुठल्याच गाडीला रूट मिळत नाही. देवीने नाही म्हटलं ते मुलीला नव्हे, अर्ध्या वाटेला. गुरवांनी विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांच्याकडूनही ते राहिलं, कारण गाऱ्हाण्यात गेलेल्या माणसाला परत घरी आणून सोडायचंच असतं. नाहीतर ते उघडं राहतं. त्यांनी नव्या पाकळ्या ओल्या केल्या.

आई मला अजून विचारते, की तू विसरली होतीस का मुद्दाम सांगितलं नव्हतंस. मी तिला उत्तर दिलेलं नाही. एवढं खरं की मॅडमसमोरच्या त्या पाठात परत येणं नव्हतंच. परीक्षेला प्रदेशात कसं पोचायचं विचारतात. तिथून निघायचं कसं, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. आता मी स्वतः म्हापशाच्या एका शाळेत फ्रेंच शिकवते आणि डिचोलीहून स्कूटरने जाते-येते. मुलं प्रदेशांची ओळख करून देतात तेव्हा मी शेवटी तो प्रश्न विचारते. ती हसतात. पुस्तकात नाही, टीचर, म्हणतात.

‘सांग बाय,’ गुरव म्हणाले.

पहिल्या वेळेपेक्षा हे कठीण होतं. पहिल्या वेळी मी बाहेर चालले होते, प्रत्येक गावाबरोबर हलकी होत. आता मला त्या लांब पुलाच्या टोकावरून मागे वळायचं होतं, आणि सगळ्यांना ऐकू येईल असं. मी सुरू केलं. रोस्कोफहून बस, मोर्लेपर्यंत. व्हय म्हाराजा. मोर्लेहून गाडी, रेनला तिला दुसरा तुकडा येऊन जोडला जातो. व्हय म्हाराजा. मग पॅरिस, मग विमान. लोकांचा आवाज मोठा होत चालला होता, कारण आता ओळखीची गावं येत होती. मोपाचो सडो. व्हय म्हाराजा. धारगळचो तिठो. व्हय म्हाराजा.

‘आनी थंयसून?’ गुरवांनी विचारलं.

मी बाबांकडे बघितलं नाही. ‘थंयसून बाबांची बस,’ मी म्हटलं.

व्हय म्हाराजा एवढ्या जोरात झालं की वडावरचे कावळे उडाले. उजवीकडची पाकळी पडली तेव्हा गुरवांचे हात अजून जोडलेलेच होते.

मला आनंद झाला, झाला नाही असं म्हणणार नाही. पण तो मी ज्या आनंदाची वाट बघत होते तो नव्हता. गोठ्यातल्या वासराचं दावं लांब करून बांधतात तेव्हा ते आधी धावतं आणि मग एकदम थांबतं. बस उशिरा सुटली आणि कोणीही कुरकूर केली नाही, कारण उशिराला सगळेच साक्षी होते. मी माझ्या सीटवर बसले. बाबांनी गियर टाकला आणि बऱ्याच वेळाने, पूल आल्यावर, आरशात न बघता विचारलं, ‘रविवारी बस ना म्हणटकच रविवारी तूं कितें करतलीं?’ चालत जाईन, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत ब्रिटनी माझा राहिला नाही. सगळ्या बसला तो पाठ झाला. दत्तूकाका धारगळला दार उघडून ओरडायचे, ‘मोर्ले, मोर्ले! रोस्कोफवाले फुडें या!’ शेवंतीमावशीने मला विचारलं की गाडीचे दोन तुकडे होतात तेव्हा भलत्या तुकड्यात बसलीस तर काय करशील गो. उतरेन आणि पुढची गाडी पकडेन, मी म्हटलं. ‘आनी उतरूंक विसरलीं जाल्यार?’ त्यावर सगळे हसले, मीसुद्धा. माझं ते स्वतः तयार केलेलं वाक्य, चुकीच्या समुद्राला पोचण्याचं, मला कोणालाच सांगावंसं वाटलं नाही. ते तरी माझ्याकडे राहू दे असं वाटलं. आईने कुळथाचं पीठ, आमसुलं आणि मला न सांगता सुक्या सुंगटांची, कोळंबीची, एक पुडी बांधली. दोडामार्गला तिने काय कळवलं ते मी विचारलं नाही.

निघाले तो दिवस नेहमीच्या फेरीचा होता. बाबांची बस विमानतळाकडे वळत नाही, तिचा रूट सरळ आहे. धारगळच्या तिठ्यावर त्यांनी ती थांबवली, इंजिन चालू ठेवून खाली उतरले, आणि माझ्या दोन्ही बॅगा टॅक्सीत ठेवल्या. आई टॅक्सीत बसली होती, ती विमानतळापर्यंत येणार होती. बसच्या सगळ्या खिडक्यांत डोकी होती. बाबांनी तिठ्यावरच्या थांब्याचा पत्रा हाताने ठोकला, पक्का आहे का बघितल्यासारखा.

‘येतना हांगाच राव,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्या खंयच्याय बशीत चडूं नाका.’

मी हो म्हटलं. ते चढले, दत्तूकाकांनी दोनदा घंटी मारली, आणि बस कोलवाळच्या दिशेने गेली. माझी सीट रिकामी होती. शेवंतीमावशी पाटी सांभाळत पुढे सरकताना मला काचेतून दिसली.

पुढचं सगळं जसं देवळात सांगितलं होतं तसंच झालं, इतकं तसंच की मला भीती वाटली. विमान, पॅरिस, गाडी. रेनला गाडी थांबली, कुठेतरी मागे धक्का बसला, आणि मी बरोबर तुकड्यात होते. मोर्लेच्या उंच पुलावरून गाडी गेली तेव्हा खाली खरंच घरं होती, त्यांच्या अंगणांत कपडे वाळत होते, आणि माझ्या कानात व्हय म्हाराजा झालं. स्टेशनच्या बाहेर बस उभी होती. ड्रायव्हर बाई होती, आईच्या वयाची, केस आखूड. मी दोन बॅगा आणि आमसुलांचा वास येणारी पिशवी घेऊन चढले आणि रोस्कोफ म्हटलं. तिने विचारलं, नुसतं जायचं की जाऊन-येऊन?

माझ्या तोंडून आपोआप निघालं, जाऊन-येऊन.

तिने बॅगांकडे बघितलं. आजच परत येणार का, तिने विचारलं. नाही, मी म्हटलं. मग हसून तिने नुसतं जायचं तिकीट फाडलं आणि म्हणाली, ‘परतीचं मग परत येताना घ्या.’

बस जवळपास रिकामी होती. आयुष्यात पहिल्यांदा मला हव्या त्या सीटवर बसता येणार होतं. मागे खिडकीजवळच्या सगळ्या जागा मोकळ्या होत्या, तिथून कोणाला मी दिसले नसते. मी पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसले, जिथून आरसा दिसतो. बस सुटली तेव्हा बघितलं, तर मी उजवा पाय आत ओढून घेतला होता. तिथे इंजिनाचं झाकण नव्हतं.